नेलपॉलिशवर अॅक्रिलिक रंगांची नक्षी: रंग गोळा का होतो, रेघ का फिसकटते

प्रश्न असा आहे: नेहमीच्या नेलपॉलिशवर स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या पाण्याच्या अॅक्रिलिक रंगांनी नक्षी काढायला घेतली, तर रेघ सलग येत नाही, रंग थेंबाथेंबांत गोळा होतो. कशीबशी काढली तर टॉप कोट, म्हणजे सगळ्यांत वरचा पारदर्शक थर, फिरवताच फिसकटते. आणि जी टिकते ती तिसऱ्या दिवशी टोकाकडून साल निघावी तशी सुटते. रंग चुकीचा घेतला आहे का, की हे काम पार्लरमधल्या खास रंगांनीच होतं?

रंग चुकीचा नाही, आणि तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज आणि राळेसारखे पदार्थ इथाइल अॅसिटेट, ब्युटाइल अॅसिटेट अशा भराभर उडून जाणाऱ्या द्रावकांत विरघळवलेले असतात. द्रावक उडाला की नखावर कडक, गुळगुळीत पडदा राहतो. अॅक्रिलिक रंगाचं तसं नाही. त्यात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते एकमेकांना चिकटतात आणि रंगाला धरून ठेवणारा पापुद्रा तयार होतो. म्हणजे अॅक्रिलिक पाण्याचा, नेलपॉलिश थिनरचं, म्हणजे अशा उडून जाणाऱ्या द्रावकांचं.

यातून फायदा आणि त्रास दोन्ही निघतात. पाणी नेलपॉलिशला काहीच करत नाही, म्हणून चुकलेली रेघ ओल्या ब्रशने उचलून टाकली तरी खालचा रंग शाबूत राहतो. नेलपॉलिशनेच नक्षी काढली तर ही सोय नसते. तिथे चूक पुसायची म्हणजे रिमूव्हर, आणि रिमूव्हर खालचा थरही घेऊन जातो. शिकणाऱ्यासाठी अॅक्रिलिकसारखं दुसरं माध्यम नाही ते यासाठी. पण चकचकीत नेलपॉलिशवर पाणी पसरायला तयार नसतं, म्हणून रंग गोळा होतो. टॉप कोट थिनरचा असल्यामुळे तो अॅक्रिलिकला वरून मऊ करतो, म्हणून रेघ फिसकटते. आणि दोन्ही थर एकमेकांत विरघळत नाहीत, नुसते एकमेकांना धरून बसतात, म्हणून कडेने पाणी शिरलं की साल निघते.

नावाचा एक घोळ आधी मिटवून घेऊ. पार्लरमध्ये 'अॅक्रिलिक नखं' म्हणतात ती पावडर आणि उग्र वासाचं द्रव मिसळून लांबवलेली कृत्रिम नखं. त्यांचा इथल्या रंगांशी संबंध नाही. इथे बोलतोय ते कॅनव्हास, कापड, मातीची भांडी रंगवायला वापरतात त्या रंगांबद्दल.

रंग घेताना फेविक्रिलची १५ मिलीची बाटली किंवा कॅमलची छोटी ट्यूब पुरेशी आहे. एका नखाला मोहरीएवढा रंगसुद्धा पुष्कळ होतो. सुरुवातीला पांढरा, काळा, पिवळा, लाल आणि निळा एवढे पाच पुरे. पैसे वाचवायचे असतील तर बाकीच्या रंगांत वाचवा, पांढऱ्यात नको. बऱ्याच ट्यूबांवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो. 'पीडब्ल्यू ६' म्हणजे टायटॅनियम पांढरा, तो दाट झाकतो आणि गडद नेलपॉलिशवरही एका थरात दिसतो. गेरू, पिवळी माती असे लोहाचे रंगही चांगले झाकतात. उलट लिंबू पिवळा, थॅलो निळा, थॅलो हिरवा हे पारदर्शक असतात. काळ्या नेलपॉलिशवर लिंबू पिवळ्याचं फूल काढलं तर ते मळकट हिरवट दिसतं, आणि मग माणूस थरावर थर चढवत बसतो. त्याऐवजी फूल आधी पांढऱ्याने काढा, वाळू द्या आणि मग त्यावर पिवळ्याचा एकच पातळ हात फिरवा.

आता सुरक्षेबद्दल. हे रंग चित्रकलेसाठी बनवलेले आहेत, सौंदर्यप्रसाधन म्हणून नाहीत. 'पीआर १०८' हा कॅडमियम लाल, 'पीवाय ३५' हा कॅडमियम पिवळा, 'पीबी २८' हा कोबाल्ट निळा. नखांसाठी हे घेऊ नका. नावापुढे 'ह्यू' लिहिलेलं असेल तर ती छटा दुसऱ्या रंगद्रव्यांतून जुळवलेली असते; तरी खात्री क्रमांकावरूनच करा. काही ट्यूबांवर 'एपी' अक्षरांचा गोल छाप असतो. नेहमीच्या वापरात रंग विषारी नाही एवढाच त्याचा अर्थ, कातडीवर लावायला परवानगी असा नव्हे. पाण्याच्या रंगांत ते नासू नयेत म्हणून परिरक्षक घालतात आणि त्यांतल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारख्या पदार्थांची काहींच्या त्वचेला अॅलर्जी येते. म्हणून नियम सोपा ठेवा: उघड्या नखावर हा रंग कधीच नाही, खाली बेस कोट (नेलपॉलिशच्या आधी नखावर लावायचा थर) आणि नेलपॉलिश हवंच, कातडीला लागला तर लगेच पुसायचा, ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायचा नाही. नखं कुरतडण्याची सवय असलेल्या लहान मुलांच्या नखांवर तर हे काम करूच नका.

ब्रश सिंथेटिक केसांचा घ्या. अॅक्रिलिक केसांच्या मुळाशी वाळलं की ब्रश फुलतो आणि महागडा नैसर्गिक केसांचा ब्रश फुकट जातो. तीन ब्रशांत बहुतेक काम होतं: लांब रेघांसाठी साधारण ९-१० मिलिमीटर केसांचा लायनर, बारीक कामासाठी ००० नंबरचा गोल, आणि पाकळ्यांसाठी अर्धा सेंटिमीटर रुंदीचा चपटा. ठिपक्यांसाठी काचेच्या डोक्याची टाचणी पेन्सिलीच्या खोडरबरात खोचली की झकास अवजार तयार होतं. शाई संपलेलं बॉलपेनही चालतं.

खालच्या थराला मात्र घाई अजिबात चालत नाही. बेस कोटचा एक हात, नेलपॉलिशचे दोन पातळ हात, मध्ये पाच-पाच मिनिटं. पाच मिनिटांत नेलपॉलिश हाताला कोरडं लागतं, पण आत अजून मऊच असतं. त्यावर ब्रश टेकवला की बारीक चरा उमटतो. निदान अर्धा तास थांबा. आदल्या रात्री नेलपॉलिश लावून सकाळी नक्षी काढली तर सगळ्यांत उत्तम. तसं असेल तर सकाळी नखांवरून साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेला कापूस फिरवा, मग साध्या पाण्याचा, आणि कोरडं करा. रात्रभरात बोटांचं, केसांच्या तेलाचं जे काही लागलेलं असतं, ते रंगाला सरळ ढकलून देतं. हे पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नका. नेलपॉलिशची चमक जाते आणि कधी रंगही उतरतो.

एवढं करूनही रंग गोळा होत असेल, तर रामबाण उपाय म्हणजे मॅट, म्हणजे बिनचमकीचा, टॉप कोट. नेलपॉलिशवर त्याचा एक पातळ हात द्या, १५-२० मिनिटं वाळू द्या आणि त्यावर नक्षी काढा. मॅट कोटातल्या सिलिकाच्या बारीक कणांमुळे पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो, रंगाला पकड मिळते आणि रेघ कागदावर यावी तशी येते. शेवटी वरून चकचकीत टॉप कोट लावला की चमक परत येते, मध्ये मॅट थर होता हे कळतही नाही. नव्याने शिकणाऱ्याने एवढी एक जास्तीची बाटली घ्यावीच.

दुसरं कारण जास्त पाणी. रंग 'पातळ' करायचा म्हणजे किती, हे वाटीतल्या पदार्थांवरून ओळखा. ठिपक्यांसाठी मधासारखा, म्हणजे पाणी न घालता बाटलीतून येतो तसाच. पाकळ्यांसाठी घोटलेल्या दह्यासारखा. लांब रेघेसाठी पातळ ताकासारखा, ब्रशवरून सहज घरंगळेल पण टपकणार नाही असा. मसुराएवढ्या रंगाला टूथपिकच्या टोकाने पाण्याचे एक-दोन थेंब, त्याहून जास्त नाही. पाणी जास्त झालं की रेघेच्या कडा गडद आणि मधला भाग फिका दिसतो, आणि वाळल्यावर तो रंग बोटाने घासला तरी निघतो, कारण कणांना जोडणारं प्लॅस्टिकच विरळ झालेलं असतं. चित्रकलेच्या दुकानात अॅक्रिलिक मीडियम मिळतं. पातळपणा हवा पण पकड जाऊ नये असं असेल तेव्हा पाण्याऐवजी ते घाला.

रंगाच्या ताटलीची एक युक्ती सांगतो. स्टीलच्या डब्याच्या झाकणात ओला टिश्यू चौपदरी घडी करून ठेवा, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर काढा. खालून ओल मिळत राहते, त्यामुळे रंग तास-दीड तास मऊ राहतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात याशिवाय काम होत नाही, तिथे नुसत्या ताटलीवर रंगाची कवडी व्हायला पाच मिनिटं लागतात. आणि काम करताना डोक्यावरचा पंखा बंद. तो नखावरचा रंग वाळवण्याआधी ब्रशच्या टोकावरचा वाळवतो, मग रेघ मध्येच तुटते.

पहिली नक्षी म्हणून वारली आकृत्या घ्या. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी, एवढ्यावर उभी राहिलेली ही पालघर-ठाण्याकडची कला नखाच्या आकाराला फार छान बसते. एकच रंग लागतो, आकार सरळ आहेत आणि विटकरी नेलपॉलिशवर टायटॅनियम पांढरा उठून दिसतो.

नखावरची आकृती साधारण सहा मिलिमीटर उंचीची धरा. अंगठ्याच्या नखावर तारपा नाच काढायचा असेल तर आधी माणसं काढायला घेऊ नका. नखाच्या मधोमध तारपा वाजवणाऱ्याची जागा सोडा आणि त्याच्याभोवती वळत जाणाऱ्या वाटेवर टूथपिकच्या टोकाने फक्त कमरेचे ठिपके द्या. सहा पुरेत, आठ झाले तर गर्दी होते. ठिपके वाकडे वाटले तर ओल्या ब्रशने उचला आणि पुन्हा द्या. अंतर जमलं की प्रत्येक ठिपक्यावर ००० ब्रशने बारीक फुली मारा आणि तिची वरची व खालची तोंडं आडव्या रेघेने बंद करा. डमरू तयार झाला: वर छाती, खाली कंबर. मग ब्रशच्या टोकाने आत रंग भरा. पाय काढताना दोन्ही गुडघे एकाच दिशेला, नाच ज्या बाजूला फिरतोय त्या बाजूला वाकवा. सरळ पाय काढले तर माणूस उभा राहतो, नाचत नाही. हाताची रेघ एका खांद्यापासून निघून शेजारच्या कमरेशी संपू द्या. डोकी सगळ्यांत शेवटी, टाचणीने. ठिपका उंच असतो, वाळायला सगळ्यांत जास्त वेळ घेतो, आणि आधी दिला तर हात फिरवताना तोच पुसला जातो.

रेघ थरथरत असेल तर दोष बहुधा हाताचा नसतो, बैठकीचा असतो. दोन्ही मनगटं टेबलावर टेकलेली हवीत आणि ब्रश धरलेल्या हाताची करंगळी दुसऱ्या हाताच्या बोटाला टेकलेली. वळणदार रेघेला ब्रश वळवू नका, नखाचं बोट फिरवा. लायनर पूर्ण लांबीभर रंगात भिजवा, ताटलीच्या कडेला निथळवून टोक आणा आणि टोकाने नव्हे तर केसांच्या अर्ध्या लांबीने रेघ ओढा. लांब केसांत रंगाचा साठा असतो, म्हणून रेघ एका दमात पूर्ण होते. आपल्याच उजव्या हातावर डाव्या हाताने काढायचं असेल तर रेघांच्या नक्षीचा हट्ट सोडा, ठिपक्यांची निवडा.

मोगऱ्याच्या कळीसाठी ठिपका ओढण्याची युक्ती शिका. टाचणीने पांढरा ठिपका द्या आणि तो ओला असतानाच कोरड्या टूथपिकने मध्यातून खाली एकच ओढ द्या. शेंडा निमुळता होतो, कळी तयार. अशा कळ्या नखाच्या मुळाशी अर्धगोलात ओळीने दिल्या की गजरा दिसतो. ओढण्यासाठी हातात फार तर दहा-पंधरा सेकंद असतात, म्हणून पाच ठिपके देऊन मग ओढत बसू नका. एक ठिपका, एक ओढ.

चूक सुधारायची वेळही अशीच मोजकी असते. पहिल्या अर्ध्या मिनिटात ओला ब्रश पुरतो. त्यानंतर रंगावर साय धरते आणि ब्रशने तो नुसता सरकतो, मळतो. अशा वेळी हात थांबवा, पूर्ण वाळू द्या, मग टूथपिक पाण्यात बुडवून कडेने हलकेच खरवडा. चकचकीत थरावरून तेवढा तुकडा पापुद्र्यासारखा उचलला जातो. मॅट थरावर तो इतका सहज निघत नाही; पकडीची ती किंमत.

आता वाळवणं. वाळलेला अॅक्रिलिक ओल्यापेक्षा थोडा गडद आणि निस्तेज दिसतो, कारण ओला असताना त्यातलं दुधाळ प्लॅस्टिक रंगाला फिका दाखवतं. चमक गेली म्हणजे वरून वाळलं, आतून वाळलंच असं नाही. बोटाची मागची बाजू नक्षीला अगदी हलकी टेकवा: गार लागली तर पाणी अजून उडतंय. गारवा गेला की वाळलं. बारीक रेघांना १० ते १५ मिनिटं, जाड ठिपक्यांना अर्धा तास. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे दुप्पट धरा. आत पाणी राहिलेलं असताना टॉप कोट लावला तर ते कोंडतं आणि नक्षीवर धुरकट डाग पडतो किंवा ठिपक्याला बारीक तडे जातात. दमट हवेत टॉप कोट स्वतःही पांढुरका पडू शकतो: द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. अशा दिवशी एसी असलेल्या खोलीत बसा किंवा पाऊस ओसरेपर्यंत थांबा.

टॉप कोट लावताना ब्रश नखावर टेकता कामा नये, टेकला पाहिजे तो फक्त थेंब. ब्रश नेहमीपेक्षा जास्त भरा, नखाच्या मुळापासून एक मिलिमीटर सोडून मोठा थेंब ठेवा आणि ब्रश जवळजवळ आडवा धरून तो थेंब टोकाकडे ढकला. मध्ये एक, डावीकडे एक, उजवीकडे एक, असे तीनच हात. त्याच जागी दुसऱ्यांदा ब्रश गेला की द्रावकाने मऊ झालेला रंग त्याच्याबरोबर ओढला जातो. फिसकटण्याची बहुतेक प्रकरणं या चौथ्या हाताची असतात. प्रत्येक नखानंतर ब्रश टिश्यूवर पुसा, नाहीतर काळ्या रेघेचा अंश पुढच्या नखावरच्या पांढऱ्यात उतरतो. शेवटी नखाच्या टोकाच्या जाडीवरून ब्रश फिरवून कड बंद करा. दहा मिनिटांनी दुसरा पातळ हात.

पांढरी नक्षी टॉप कोटनंतर गुलाबी झाली, तर त्यात तुमचा हात चुकलेला नाही. काही लाल, राणी आणि निऑन नेलपॉलिशचा रंग थिनरमध्ये सुटतो आणि टॉप कोटमधून वर चढतो. अशा बाटलीची परीक्षा फरशीच्या तुकड्यावर घ्या: नेलपॉलिश, त्यावर पांढरा ठिपका, त्यावर टॉप कोट, तासाभराने बघा. सरावालाही हाच तुकडा कामाला येतो. फरशीवर नेलपॉलिश लावून वाळवा, त्यावर काढा, लगेच ओल्या फडक्याने पुसा, पुन्हा काढा.

साल निघण्याची तक्रार अर्धी इथेच मिटते, कारण ती कडेपासून सुरू होते. नक्षी नखाच्या टोकापासून आणि दोन्ही बाजूंपासून अर्धा ते एक मिलिमीटर आत थांबवा, म्हणजे तिथे टॉप कोट खालच्या नेलपॉलिशला थेट धरतो आणि रंग आत बंद होतो. पूर्ण नखभर अॅक्रिलिकचा थर देऊन त्यावर टॉप कोट लावला तर तो टिकत नाहीच. पहिले बारा तास गरम पाणी टाळा, पुढे भांडी घासताना हातमोजे घाला, दर दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा पातळ हात द्या. पाच ते सात दिवस नक्षी नीट राहते. कणीक रोज मळत असाल तर टाचणीचे उंच ठिपके काढूच नका. टॉप कोटातून वर आलेला ठिपका कधीतरी पिठात सुटतोच.

जेल पॉलिशवरही, म्हणजे खास दिव्याखाली कडक होणाऱ्या पॉलिशवरही, हे रंग चालतात, पण दिव्याखाली वाळवल्यावर वर राहणारा चिकट थर आधी पुसून टाकावा लागतो किंवा जेलचाच मॅट टॉप कोट द्यावा लागतो. नक्षी नेहमीच्या नेलपॉलिशवर काढता त्यापेक्षा बारीक ठेवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय वरचा जेल लावू नका. कोंडलेलं पाणी दिव्याखाली बाहेर पडायला जागा शोधतं आणि तिथून थर उचलला जातो.

काढताना अॅसिटोनचा रिमूव्हर एकाच वेळी सगळे थर काढतो. आधी नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावा, नाहीतर निळा आणि काळा रंग भेगांत जाऊन बसतो. भिजलेला कापूस २०-३० सेकंद दाबून धरा आणि मुळाकडून टोकाकडे एकदाच ओढा, गोल गोल घासू नका. अॅसिटोन लगेच पेट घेतं, त्यामुळे गॅस किंवा देवघरातला दिवा जवळ नको.

ब्रश काम संपताक्षणी साबणाच्या पाण्यात धुवा, बोटांनी टोक आणा आणि आडवा ठेवून वाळवा. पाण्याच्या भांड्यात केसांवर उभा ठेवला तर लायनरचं टोक एका रात्रीत वाकतं. रंग वाळून बसलाच असेल तर केस थोडा वेळ सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवा, मऊ झालेला रंग टिश्यूवर ओढून काढा आणि पुन्हा साबणाने धुवा.